घरसभा बंद करण्याच्या ठरावाबाबत आमच्या पास्टरेट कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

गेल्या महिन्यात एका रविवारी, उपासनेच्या शेवटी सूचना वाचल्या जात असताना, लग्नाच्या पुकाऱ्यानंतर (ठरलेल्या लग्नाच्या जाहीर सूचनेनंतर) आणि कब्रस्तानाच्या वर्गणीच्या आधी, आपल्या सचिवांनी मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांचा, कारभार पाहणाऱ्या कमिटीचा एक ठराव वाचून दाखवला. सभासदांच्या घरी आठवड्याच्या मधल्या दिवशी भरणाऱ्या सर्व प्रार्थनासभा पुढील सूचनेपर्यंत बंद राहतील आणि त्यांच्याऐवजी शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये एकच संयुक्त सभा होईल. वेस्ट्रीमागच्या (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीमागच्या) खोलीत बुधवारी बसणाऱ्या, घरातल्या दारूने त्रासलेल्यांच्या आधारगटाने यापुढे येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पत्ता, फोन क्रमांक आणि येण्याचे कारण रजिस्टरमध्ये नोंदवावे. गटांकडे असलेली शिल्लक खजिनदारांकडे जमा करावी. आणि यापुढे कोणताही गट कमिटीने नेमलेल्या व्यक्तीनेच चालवावा, असा त्या ठरावाचा आशय होता. पुकारा झाला की हरकत असल्यास कळवा असे निदान म्हटले जाते. ठरावाच्या बाबतीत तेवढीही सोय ठेवलेली नव्हती.

मी याविषयी कमिटीला लेखी अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. हा विषय केवळ माझ्या घरापुरता असता तर मी वाट पाहिली असती. परंतु या ठरावाचा परिणाम ज्यांच्यावर होणार आहे, त्यांतले बरेच जण अर्ज लिहिण्याच्या स्थितीत नाहीत, आणि काही जण तर आपले नाव अर्जाखाली येऊ नये म्हणूनच त्या गटात येतात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. त्यात कमिटीच्या कोणाही सभासदाविषयी वैयक्तिक राग नाही. आपल्यापैकी अनेकांनी माझ्या घरी बसून प्रार्थना केली आहे आणि पोहे खाल्ले आहेत.

माझा संबंध काय, तो आधी सांगते. माझे माहेर जालन्याचे. लग्न होऊन मी या मंडळीत आले, इंदूरच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. सुदामानगरातल्या आमच्या घरी दर गुरुवारी मराठी घरसभा भरते. रविवारची उपासना हिंदीत होते आणि ते योग्यच आहे, कारण मंडळीत मालव्यातले, झाबुआकडचे, केरळातून आलेले असे सगळेच आहेत. परंतु ज्यांची प्रार्थना अजून मराठीतच होते, अशा म्हाताऱ्या माणसांना मराठीत गाण्याची आणि रडण्याची जागा या शहरात गुरुवारीच मिळते. बुधवारच्या गटाशीही माझा संबंध आहे. घरातल्या कुणाच्या तरी दारूमुळे ज्यांचे आयुष्य उसवले आहे, अशांचा तो गट. मी तो चालवत नाही. मी त्यात बसते. हे मी माझ्यापुरते सांगते, कारण ते सांगण्याचा अधिकार माझा आहे. त्या खोलीत इतर कोण बसते आणि काय बोलते, हे मी या पत्रात लिहिणार नाही आणि कोणत्याही रजिस्टरमध्येही लिहिणार नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार त्या रजिस्टरबद्दलच आहे.

रुग्णालयात कोणती माहिती कोणत्या टेबलापर्यंत जावी याचे नियम असतात, आणि ते मोडले की काय होते, हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे. केसपेपरवर आजाराचे नाव असते, कारण डॉक्टरला औषध द्यायचे असते. बुधवारच्या खोलीत औषध देणारा कोणी नाही. तिथे एक बाई बोलते, बाकीचे ऐकतात, कोणी सल्ला देत नाही, मग दुसरी बोलते. कारणाच्या रकान्यात तिने लिहायचे काय? नवरा पितो? मुलगा पितो आणि हात उचलतो? ते रजिस्टर वेस्ट्रीच्या कपाटात राहणार, कपाटाची किल्ली आज एकाकडे आणि पुढच्या निवडणुकीनंतर दुसऱ्याकडे असणार. आपला मराठी ख्रिस्ती समाज इतका लहान आहे की महूला कोणी शिंकले तर परदेशीपुऱ्यात औषधाची चौकशी सुरू होते. इथे एका रकान्यातल्या दोन शब्दांनी एखाद्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडू शकते. कमिटीचा हेतू तसा नाही, हे मला ठाऊक आहे. पण कागद हेतू पाहून फिरत नाही.

नाव न विचारण्याची ही रीत आम्ही मनाने काढलेली नाही. १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी दोन दारुडे एकमेकांना आधार देऊ लागले, त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. हे दोघेही त्या काळच्या ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या लहान घरगुती बैठकांतून आलेले होते. पुढे १९५१ साली अशा माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही वेगळी संघटना सुरू झाली. आज जगभर या सभा कितीतरी ठिकाणी चर्चच्याच मागच्या खोल्यांत भरतात, आणि नाव बाहेर न नेणे हा त्यांचा पायाभूत नियम आहे. आमचा गट त्या संघटनांशी जोडलेला नाही, तो आपल्या मंडळीचाच आहे. परंतु हा एक नियम आम्ही त्यांच्याकडून घेतला, कारण तो अनुभवाने तावून सुलाखून निघालेला आहे. तो काढला तर खोली राहील, खुर्च्या राहतील, माणसे येणार नाहीत. ठराव वाचला गेल्यानंतरच्या बुधवारी काही खुर्च्या रिकाम्या होत्या. किती, ते मी सांगणार नाही.

दुसरी तक्रार घरसभांबद्दल. शनिवारची संयुक्त सभा हा घरसभेला पर्याय आहे असे कमिटीला वाटते, याचे मला नवल वाटते. हॉलमध्ये माइक असेल, स्टेज असेल, गाणारा संच असेल, कोणीतरी संदेश देईल आणि शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवायला सांगितले जाईल. ती चांगली सभा होईल आणि जमेल तेव्हा मीही येईन. पण ज्या आजोबांना आमचा जिना चढतानाच दोनदा थांबावे लागते, त्यांना सुदामानगरातून चर्चपर्यंत शनिवारच्या संध्याकाळच्या गर्दीत रिक्षाने येता येणार नाही. आणि समजा आले, तरी माइकवर ते कधी बोलणार नाहीत.

गुरुवारी आमच्याकडे काय होते, ते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. शेजारच्या घरातून चार खुर्च्या येतात. हार्मोनियमची एक पट्टी दाबली की वर येत नाही, म्हणून वाजवणारा ती टाळून वाजवतो आणि आम्हालाही आता सूर तसाच ओळखीचा झाला आहे. दोन गीते, बायबलचा एक उतारा, त्यावर बोलणे, मग विनंत्या, मग प्रार्थना. आणि त्यानंतर वही निघते. ही शंभर पानी साधी वही आहे. तिच्यात पुढच्या आठवड्याचे वार आखलेले असतात: डबा कोणाला, कोण करणार, कोण नेणार. एका नावापुढे 'मीठ कमी', दुसऱ्यापुढे 'पाणी मोजून, फळे नकोत', आणि मंगळवार-शुक्रवारच्या रकान्यात 'डायलिसिस, सकाळी ७, सोबत कोण?' त्या प्रश्नापुढे नाव पडल्याशिवाय कोणी घरी जात नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, चर्चचे दार शासनाच्या आदेशाने बंद होते आणि शहरात ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा हीच वही फोनवरून चालली. डबे फाटकाला टांगले गेले, आणि ज्या दफनविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, तिथे कुटुंबासोबत उभे राहिले ते बहुधा गटातलेच कोणीतरी. त्या दिवसांत आपल्या पाळकसाहेबांनीही गटांचे आभार मानले होते. मग आता काय बदलले?

कमिटीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला खासगीत सांगितले की बाहेरची परिस्थिती पाहून हा निर्णय घेतला आहे. हे कारण मी हलके मानत नाही. घरात प्रार्थना चालू असताना दाराशी जमाव येऊन धर्मांतराचा आरोप करतो, अशा बातम्या आपण सर्वच वाचतो, आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले बसलेली असतात, त्यांना ती भीती कमिटीपेक्षा काकणभर जास्तच असते. परंतु भीतीचे उत्तर शोधताना कायदा काय म्हणतो ते तरी वाचले पाहिजे. मध्य प्रदेशचा २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य कायदा, आणि त्याच्याआधीचा १९६८ चा, हे बळजबरी, फसवणूक, आमिष अशा मार्गांनी होणाऱ्या धर्मांतराविषयी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी द्यायची सूचना आहे, ती धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्या धर्मगुरूने द्यायची आहे. आमच्या गुरुवारच्या सभेत कोणी धर्म बदलत नाही. तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे बाप्तिस्मे आपल्याच चर्चच्या नोंदवहीत आहेत, काहींच्या आजी-आजोबांचेही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले स्वातंत्र्य बंद दाराआडच्या चार गीतांना पुरेल एवढे नक्कीच मोठे आहे.

शिवाय सुरक्षिततेचा हिशेब केला तर तो ठरावाच्या विरुद्धच जातो. उद्या कोणी तक्रार केलीच, तर ज्या घरसभेच्या पाठीशी मंडळीचे पत्र आहे ती सुरक्षित, की जी मंडळीनेच बंद केलेली आहे आणि तरीही दोन-तीन कुटुंबे मिळून भरवत आहेत ती? माणसे एकमेकांकडे जाणे थांबवणार नाहीत. ती जातील आणि आपण सोबत नसाल, एवढाच फरक पडेल. यजमानांनी शेजाऱ्यांना आधी सांगावे, ध्वनिवर्धक लावू नये, अनोळखी व्यक्तीला परस्पर बोलावू नये, काही अडचण आली तर कोणाला फोन करायचा ते ठरलेले असावे, अशा सूचना कमिटीने दिल्या असत्या तर आम्ही त्या त्याच दिवशी पाळायला सुरुवात केली असती. त्यांतल्या बऱ्याच आम्ही आजही पाळतो.

पैशांविषयी थोडक्यात लिहिते, कारण रक्कमच थोडकी आहे. गुरुवारच्या दानाच्या डब्यात पडणारे पैसे औषधे आणि रिक्षाभाडे यांवर जातात. हिशेब मागण्याचा कमिटीला पूर्ण हक्क आहे आणि तो आधीच मागायला हवा होता. दरमहा जमा-खर्च लिहून देऊ, दोन सभासदांनी तपासावा. फक्त कोणाला दिले ते नाव त्यात नसेल. पण शिल्लक खजिनदारांकडे गेली, तर रात्री ११ वाजता इन्शुलिन संपलेल्या माणसासाठी व्हाउचरवर दोन सह्या कोण आणणार?

गट चालवणाऱ्यांची नेमणूक कमिटीने करण्याविषयी. आज चालू असलेले गट बहुतांशी स्त्रिया चालवतात, आणि आपल्या कमिटीत सध्या स्त्री सभासद एकच आहे. हे मी केवळ निदर्शनास आणते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांच्या शेवटी प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम आहे, नुंफेच्या घरच्या मंडळीला सलाम आहे. त्यांना कोणी नेमले होते असा उल्लेख तिथे नाही. गट वेगळ्या शिकवणुकीकडे वळू नयेत, त्यांचे कंपू होऊ नयेत, ही काळजी रास्त आहे. कंपू होतात, मी पाहिले आहेत, कमिटीतही होतात. त्यासाठी पाळकसाहेबांनी आळीपाळीने प्रत्येक गटात येऊन बसावे. आमच्याकडे ते शेवटचे केव्हा आले होते, हे मला आठवून सांगावे लागेल.

या ठरावामागे मला एक समजूत दिसते आणि तिच्याशीच माझे खरे भांडण आहे. चर्च म्हणजे रविवारची उपासना आणि लहान गट म्हणजे तिची शाखा, जी गरजेप्रमाणे उघडावी आणि बंद करावी, अशी ती समजूत आहे. इतिहास तसे सांगत नाही. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज झाले होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि दर बारा जणांमागे एकाने घरोघरी जाऊन ती गोळा करावी, असे फॉय नावाच्या एका निवृत्त दर्यावर्दी कप्तानाने सुचवले. म्हणजे गोष्ट पैशांपासूनच सुरू झाली, आपल्या ठरावासारखी. पण पेनी गोळा करायला गेलेले लोक परत येऊन सांगू लागले की अमक्या घरी नवरा-बायकोचे भांडण चालले होते, तमका पिऊन पडलेला होता. तेव्हा वेस्लीच्या लक्षात आले की माणसांची काळजी घेण्याचा जो मार्ग आपण शोधत होतो तो हाच, आणि मेथडिस्ट मंडळ्यांचे वर्ग, म्हणजे लहान गट, त्यातून उभे राहिले. हिशेबाच्या कामातून त्यांना माणूस दिसला. आपण माणसाचे काम चालू असताना हिशेबाकडे निघालो आहोत.

आपल्या मराठी परंपरेतही हे आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांची अभंगाच्या चालीची गीते आम्ही गुरुवारी म्हणतो आणि आपल्या रविवारच्या हिंदी उपासनेत त्यांना जागा उरलेली नाही. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवला; बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. आमच्या घरसभा इतक्या धाडसी नाहीत. त्या आपल्याच सभासदांच्या आहेत आणि आपल्याच अधिकाराखाली राहू इच्छितात. इंदुरातही कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ साली सुरू झाले, तेव्हा त्यातल्या स्त्रिया घरोघरीच जात असत, कारण ज्या बायकांना भेटायचे होते त्या उंबऱ्याबाहेर येत नव्हत्या. आज बायका बाहेर पडतात. आजारी आणि थकलेले पडू शकत नाहीत.

आणि तक्रार आली म्हणून काम बंद करायचे की कसे, याचा दाखला बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातच आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी वाटप थांबवले नाही आणि वाटपाचा हॉलही बदलला नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितले, आणि जे सात निवडले गेले त्या सगळ्यांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती काम दिले गेले.

आता मागण्या. त्या जास्त नाहीत. आधारगटासाठी नाव-पत्ता-कारण लिहून घेण्याची अट विनाविलंब मागे घ्यावी आणि तसे पुढच्या रविवारी सूचनांमध्ये वाचून दाखवावे, म्हणजे जे घाबरून थांबले आहेत त्यांच्या कानावर जाईल. काही नोंदी या काळात झाल्या असतील तर त्या गटाच्या हाती परत द्याव्यात. वेस्ट्रीमागची खोली बुधवारी संध्याकाळी पूर्वीप्रमाणे मिळावी. विजेचे आणि सफाईचे पैसे गट देईल. घरसभा चालू ठेवण्यास परवानगी द्यावी आणि प्रत्येक यजमानाला मंडळीच्या लेटरहेडवर पाळकसाहेबांच्या सहीचे एक पत्र द्यावे की ही सभा आमच्या मंडळीची आहे. त्यात यजमानाचे नाव पुरे, येणाऱ्यांची यादी नको. सुरक्षिततेच्या सूचना लेखी द्याव्यात आणि त्या ठरवताना यजमानांना, विशेषतः घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना, बोलवावे. गटांचा मासिक हिशेब नावाशिवाय स्वीकारावा. शनिवारची संयुक्त सभा अवश्य सुरू करावी, पण घरसभांच्या जागी नव्हे. आणि हा ठराव ज्या बैठकीत झाला तिचे इतिवृत्त सभासदांना पाहू द्यावे, कारण ठराव एकमताने झाला असे सांगितले गेले असले तरी निदान दोघांनी मला वेगळे सांगितले आहे.

या मागण्या कमिटीला एकट्याने मान्य करता येत नसतील, तर मंडळीच्या नियमांप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. त्यासाठी लागणाऱ्या सभासदांच्या सह्या गोळा करण्याची माझी तयारी आहे. त्या कागदावर माझे नाव सर्वांत वर असेल. बुधवारच्या गटातल्या कोणाचीही सही त्यावर मी मागणार नाही.

तोपर्यंत गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता आमच्या घराचे दार उघडे असेल. माझ्या नात्यातली आणि शेजारची माणसे जेवायला येण्यासाठी कमिटीच्या परवानगीची गरज पडत नाही, एवढे मी गृहीत धरते. आपल्यापैकी कोणी आलात तर आनंद होईल. या पत्राचे उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद
सुदामानगर, इंदूर